कॅसेट दुरुस्तीचं सामान: कशावर खर्च करावा, कशावर नाही

ऑनलाइन ‘कॅसेट रिपेअर किट’ शोधलं की एकाच डबीत सगळं कोंबलेले संच समोर येतात. छोटा स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकचा खाचवाला ठोकळा, चिकटपट्टीची गुंडाळी, स्पंजचे चिमुकले तुकडे, कापसाच्या काड्या, आणि कुठेकुठे चांदीच्या रंगाच्या पट्ट्या. निकाल आधीच सांगून टाकतो: असा संच घेऊ नका. त्यातली खरी कामाची वस्तू म्हणजे जोड लावायची टेप, आणि बहुतेक संचांत नेमकी तीच हलकी निघते. त्यापेक्षा तीन गोष्टी सुट्या घ्या. फितीच्या मापाची चांगली स्प्लायसिंग टेप, स्क्रूवाल्या दोन-चार कॅसेट (रिकाम्या किंवा नको असलेल्या), आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. घरात पडलेल्या बिघडलेल्या कॅसेटपैकी बहुतेक एवढ्यावर वाजत्या होतात.

त्या चांदीच्या पट्ट्यांबद्दल आधी, कारण तिथे लोक फसतात. ‘ऑडिओ कार्ट्रिज’साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या पट्ट्या आपल्या कॅसेटसाठी नसतातच. त्या एट-ट्रॅकच्या. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत गाड्यांमध्ये जे जाड डब्यासारखं कार्ट्रिज वाजायचं, त्यात ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीचं एकच अखंड वेटोळं असतं आणि वेटोळ्याच्या सांध्यावर धातूची पट्टी. ती पट्टी हेडजवळच्या (हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग) संपर्काला लागली की प्लेअर पुढच्या ट्रॅकवर उडी मारतो. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटरची, म्हणजे ती पट्टी इथे मापालाच बसत नाही, आणि तिचं कामही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला गराज सेलमध्ये एट-ट्रॅक मिळालं, तर मात्र नियम उलटा: वाजवून बघण्याआधीच धातूची पट्टी आणि आतले स्पंज नवे घालायचे. जुन्या पट्टीचा गोंद वाळलेला असतो. ती सुटली की फितीचं टोक वेटोळ्याच्या मधोमध गडप होतं आणि सगळं कार्ट्रिज खोलावं लागतं. पट्टी लावायची ती हेडकडच्या बाजूला, पाठीमागे नव्हे. पाठीवर ग्रॅफाइटचा थर असतो, तो हातानं पुसून काढू नका. वेटोळं आतून सुटतं आणि बाहेर गुंडाळलं जातं, ते त्या थरावरच सरकतं.

आता आपल्या कॅसेटकडे.

सगळ्यात जास्त मोल कशाला असेल तर ते दुसऱ्या कॅसेटच्या बॉडीला. फीत घट्ट फिरते, किंचाळते, मधेच थांबते, आवाज लाटेसारखा वरखाली होतो, यातल्या निम्म्या तक्रारी फितीच्या नसून बॉडीच्या असतात. बॉडीच्या दोन्ही अर्ध्यांना आतून एक पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याला लायनर म्हणतात. त्यावरून फितीची गुंडाळी घसरते. वर्षानुवर्षं गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेल्या कॅसेटचा लायनर वाकतो, बॉडी किंचित पिळवटते, कोपऱ्यातले रोलर अडतात. अशा वेळी फीत उचलून धडक्या बॉडीत बसवली की बरेचदा काम तिथेच संपतं.

रिकामी बॉडी बाजारात सी-झिरो या नावानं मिळते, म्हणजे आत चाकं आणि कोरी पट्टी आहे पण चुंबकीय फीत नाही. घेताना चार गोष्टी बघा. स्क्रू पाच हवेत, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत फिरणारे रोलर हवेत आणि ते पोलादी पिनांवर बसवलेले हवेत. स्वस्त मालात रोलरच्या जागी नुसते प्लॅस्टिकचे खुंट असतात, फीत त्यांच्यावरून घासत जाते. पॅड, म्हणजे फीत हेडवर दाबून धरणारी छोटी गादी, तांबूस पट्टीच्या स्प्रिंगवर बसवलेलं हवं, थेट बॉडीला चिकटवलेला स्पंजचा तुकडा नको. आणि पॅडच्या मागे धातूचा पत्रा हवा, तो हेडला बाहेरच्या चुंबकीय गुणगुणीपासून वाचवतो. हे सगळं पारदर्शक बॉडीत न खोलता दिसतं, म्हणून पारदर्शकच मागवा. काळ्या किंवा पांढऱ्या बॉडीत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावं लागतं.

खरं तर नवीन सी-झिरोपेक्षा जुन्या चांगल्या कंपनीची, नको असलेली रेकॉर्डिंगची कॅसेट दाता म्हणून जास्त बरी पडते. टीडीके, सोनी, मॅक्सेल यांच्या स्क्रूवाल्या बॉडी आजही रद्दीत, पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात सापडतात. त्यांचे रोलर आणि लायनर आजच्या स्वस्त मालाहून सरस असतात. घेण्याआधी आत काय रेकॉर्ड केलंय ते मात्र ऐकून घ्या. कुणाच्या आजीच्या ओव्या पुसून बॉडी वापरणं बरं नव्हे.

एक बारकावा. क्रोम फितीच्या, म्हणजे टाइप-२ च्या कॅसेटला वरच्या कडेला, रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून तोडायच्या कानांशेजारी, जादा खाचा असतात. त्या खाचा पाहून डेक स्वतःच ठरवतो की फीत कुठल्या जातीची आहे. क्रोम फीत साध्या बॉडीत घातली तर असा डेक ती साध्या फितीच्या (१२० मायक्रोसेकंदांच्या) हिशेबानं वाजवतो आणि आवाज उगाच टोकदार येतो. म्हणून दाता आणि रुग्ण एकाच जातीचे निवडा. आपल्याकडच्या विकतच्या गाण्याच्या कॅसेट बहुतेक साध्या फितीच्या, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

बदल करताना काम सपाट टेबलावर, पंखा बंद करून. ‘ए’ बाजू वर ठेवा. फिलिप्स, म्हणजे अधिकच्या खुणेच्या टोकाचा, ० किंवा १ नंबरचा स्क्रूड्रायव्हर पुरतो. पाचही स्क्रू काढेपर्यंत कॅसेट उलटी करायची नाही, आणि स्क्रू काढायला ती उलटी धरावी लागत असेल तर दोन्ही अर्धे बोटांनी दाबून ठेवून पुन्हा सुलटी करा. वरचा अर्धा सावकाश, सरळ उचला. लायनर कधी वरच्या अर्ध्याला चिकटून येतो, कधी फितीवर राहतो. तो फितीला चिकटला असेल तर ओढू नका, सरकवून काढा. फितीची गुंडाळी चाकासकट उचलताना खालून पातळ पुठ्ठा सरकवा. नुसती बोटांनी कड धरून उचलली की गुंडाळीचा मधला भाग खाली कोसळतो आणि नव्वद-शंभर मीटर फीत टेबलभर पसरते. सी-६० मध्ये साधारण ९० मीटर आणि सी-९० मध्ये सुमारे १३५ मीटर फीत असते, म्हणजे ती पेन्सिलीनं परत गुंडाळण्यात अख्खी दुपार जाते.

फीत बसवण्याचा मार्ग असा: डाव्या चाकावरून डाव्या कोपऱ्यातल्या रोलरला बाहेरून वळसा, पुढच्या कडेनं पॅडच्या पुढून, उजव्या रोलरला वळसा आणि उजव्या चाकावर. मधल्या खुंट्यांच्या मागून फीत गेली तर कॅसेट लागते पण वाजत नाही, कारण हेडला फीत पोचतच नाही. फितीला अर्धा पीळ पडला तर त्याची खूण ओळखायला सोपी आहे. ‘ए’ बाजू लावूनही ‘बी’ बाजूचं गाणं उलटं आणि दबलेल्या आवाजात ऐकू येतं. पीळ काढण्यासाठी पुन्हा खोलावं लागतं, म्हणून झाकण लावण्याआधी रोलरपासून रोलरपर्यंत फीत नजरेखालून घाला.

स्क्रू परत लावताना आधी अर्धा वळसा उलट्या दिशेनं फिरवा, ‘टक्’ असं जाणवलं की तिथून सरळ आवळा. त्यामुळे स्क्रू जुन्याच आट्यात बसतो, प्लॅस्टिकमध्ये नवी वाट कोरत नाही. फार आवळू नका, बॉडी दबली की चाकं जड होतात. सहा पैलूंची पेन्सिल चाकात घालून दोन्ही बाजूंना फिरवून बघा, हाताला जोर लागत असेल तर मधला स्क्रू पाव वळसा सैल करा.

विकतच्या गाण्यांच्या अनेक कॅसेटना स्क्रूच नसतात, दोन्ही अर्धे वितळवून जोडलेले असतात. त्या खोलायची हत्यारं म्हणून विकलं जाणारं काहीही घेण्याची गरज नाही. कटरचं पातळ पातं सांध्यात, कोपऱ्याजवळ घालायचं आणि हलकेच पिळायचं. जोड काही ठिपक्यांपुरतेच असतात, एकेक तुटताना आवाज येतो. पातं आत पाच मिलिमीटरच्या पलीकडे घालू नका, फीत कापली जाईल. खालच्या कडेला, म्हणजे हेड शिरतं त्या बाजूला, पातं लावायचंच नाही. फीत तिथे उघडीच असते. ही बॉडी पुन्हा वापरता येत नाही, तेव्हा दाता हाताशी असल्याशिवाय पातं हातात घेऊ नका. कागदी लेबल असेल तर त्याचा आधी फोटो काढून ठेवा, नव्या बॉडीवर कोणती कॅसेट कोणती हे दोन महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

आता स्प्लायसिंग टेप. फीत तुटण्याची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते: सुरुवातीची कोरी पट्टी, म्हणजे लीडर, आणि तपकिरी फीत यांचा सांधा. कारखान्यात लावलेल्या त्या जोडाचा गोंद वाळतो आणि रिवाइंड संपताना बसणाऱ्या हिसक्याला जोड सुटतो. फीत बिचारी धडधाकट असते. ही दुरुस्ती सगळ्यात सोपी, आणि इथेच लोक घरातली सेलोटेप लावतात. सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात कडांमधून बाहेर पाझरतो, गुंडाळीतल्या वरच्या-खालच्या थरांना चिकटतो, पुढे हेड आणि रोलरवर बसतो. एक जोड वाचवायला जाऊन तीन ठिकाणी फीत सोलली जाते.

स्प्लायसिंग टेप दोन रूपांत मिळते, गुंडाळी आणि आयत्या कापलेल्या पट्ट्या. रोज काम करणाऱ्याला गुंडाळी परवडते. वर्षाला पाच-सहा कॅसेट जोडणाऱ्यानं आयत्या पट्ट्याच घ्याव्यात. रुंदी फितीपेक्षा केसभर कमी हवी. एक पट्टी टाकाऊ फितीवर लावून बघा, कडेला नखाला गोंद लागला किंवा पट्टी बाहेर डोकावली, तर तो माल परत पाठवा. मोठ्या रिळांची ६.३५ मिलिमीटरची टेप कात्रीनं उभी चिरून वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कड सरळ येत नाही. जुना पडीक साठा स्वस्तात मिळतो तोही टाळा. त्याची परीक्षा अशी: टाकाऊ फितीवर लावून दिवसभर उन्हाच्या खोलीत ठेवा, मग एक टोक उचला. गोंद फितीवरच राहिला तर टेप कुजलेली आहे.

खाचेचा ठोकळा ॲल्युमिनियमचा घ्या. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात तिरकी खाच ब्लेडनं रुंदावत जाते आणि काही जोडांनंतर काप नेमका येत नाही. हा एकच महाग सौदा पटण्यासारखा आहे, तोही जोड बरेच असतील तर. लीडरच्या दोन-चार जोडांसाठी काचेच्या तुकड्यावर पट्टी लावून काम भागतं. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून ४५ अंशांत एकदमच कापा, म्हणजे कोन आपोआप जुळतो. ब्लेड नवं आणि दाढीचं साधं चालेल, पण ते चुंबकाजवळ ठेवलेलं नको. चुंबकत्व आलेल्या ब्लेडनं कापलेल्या जोडावर ‘टिक्’ असा आवाज कायमचा बसतो. कापताना किती गेलं याची फार काळजी नको. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, त्यामुळे एक सेंटिमीटर कापला तर पाव सेकंदाहून कमी आवाज जातो.

टोकं भिडवायची, एकमेकांवर चढवायची नाहीत आणि मध्ये फटही ठेवायची नाही. पट्टी लावायची ती फितीच्या पाठीला. पाठ कुठली, हे चकाकीवरून ठरवायला गेलात तर चुकाल, काही फितींची आवाजाची बाजू जास्त चकाकते, काहींची पाठ. कॅसेट हातात धरल्यावर फीत पुढच्या कडेला दिसते, तेव्हा आपल्याकडे तोंड केलेली बाजू आवाजाची. आतली ती पाठ. पंधरा मिलिमीटर लांबीची पट्टी पुरते. नखाऐवजी चमच्याच्या पाठीनं घोटा. खालचे हवेचे फिकट डाग जाऊन रंग एकसारखा झाला की जोड बसला.

लीडर चाकातूनच निघून आला असेल तर टेप लागतच नाही. चाकाच्या कडेला एक छोटी पाचर असते, ती सुईनं ढकलून काढायची, लीडरचं टोक खाचेत घालायचं आणि पाचर परत दाबायची. पाचर हरवली तर दात्याकडून घ्या.

तुटण्याआधी फीत ताणली गेली असेल, दोरीसारखी वळली असेल, तर तेवढा तुकडा कापा. नुसती चुरगळली असेल तर कापू नका. इस्त्री, हेअर ड्रायर असले प्रयोग तर नकोतच. सरळ गुंडाळून ठेवून द्या, आठवड्याभरात बरीच सपाट होते. सुरकुतीच्या जागी आवाज क्षणभर बुडतो, तेवढं चालवून घ्यावं. सी-१२० ची फीत मात्र मुळातच जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची (सी-६० ची साधारण १८, सी-९० ची १२), ती चुरगळली की पुन्हा कधी धड चालत नाही.

चिकट पाठीचे सुटे पॅड हा संचातला दुसरा फसवा माल. पॅड निघून पडणं हा जुन्या कॅसेटचा नेहमीचा आजार आहे. आवाज झाकल्यासारखा येतो, टाळ आणि तंबोऱ्याची झणकार नाहीशी होते, डाव्या-उजव्यापैकी एका स्पीकरचा आवाज वरखाली होतो. कॅसेट हलवली की आत काहीतरी खुळखुळतं, ते हेच. पण विकतचे स्पंजचे तुकडे दोन कारणांनी नकोत. हलका स्पंज काही वर्षांत चिकट पीठ होऊन फितीवर बसतो, आणि जाडी जास्त असेल तर फीत हेडवर इतकी दाबली जाते की ती रडत चालते. दात्याच्या कॅसेटमधलं पॅड स्प्रिंगसकट उचलून बसवणं हा सगळ्यात चांगला उपाय. जुनंच फेल्टचं पॅड धड असेल तर ते पातळ दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं पुन्हा लावा. फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद अजिबात नको. तो फेल्टमध्ये शोषला जातो, फेल्ट दगडासारखं कडक होतं आणि फितीला चरे पाडतं. गंमत म्हणजे नाकामिचीचे अनेक डेक वाजवताना पॅड स्वतःच मागे ढकलतात. त्या डेकवर पॅड नसलेली कॅसेटही नीट वाजते, म्हणून ‘माझ्याकडे तर छान वाजली’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला डेक कुठला ते विचारा.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या पावसाळी घरांत खरा शत्रू बुरशी. खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा पांढरी भुकटी दिसली की ती कॅसेट आधी वाजवायची नाही. बुरशी हेडवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. यासाठी विकली जाणारी खास द्रावणं घेण्यात अर्थ नाही. मास्क लावा, काम गच्चीत किंवा गॅलरीत करा, बॉडी खोला, गुंडाळीच्या कडा मऊ कोरड्या मायक्रोफायबर कापडानं पुसा, जुनी बॉडी आणि लायनर फेकून द्या. मग नव्या बॉडीत फीत एका चाकावरून दुसऱ्यावर हातानं गुंडाळत असताना ती कोरड्या कापडाच्या घडीतून जाऊ द्या. थर एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नका, चिकटलेल्या जागी फितीचा तपकिरी थरच निघून येतो. साफ केलेली कॅसेट पहिल्यांदा वाजवायची ती साध्या, पडत्या किमतीच्या टेपरेकॉर्डरवर, आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. नंतर डबीत सिलिका जेलची पुडी.

हेड साफ करणाऱ्या कोरड्या कॅसेट घेऊ नका, त्यांची खरखरीत फीत हेड झिजवते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए म्हणून मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी यांच्यापुढे बाकी सगळं फुकट आहे. हेड आणि कॅप्स्टनची (फीत पुढे ओढणारी) पोलादी दांडी त्यानं चमकेपर्यंत पुसा, रबरी रोलरवर मात्र काडी ओलसरच ठेवा, चिंब नको.

आणि दुरुस्त केलेली कॅसेट ज्या यंत्रानं खाल्ली होती त्यालाच लगेच पुन्हा देऊ नका. फीत गुंततेय याचा अर्थ बहुतेकदा असा की यंत्रातला रबरी रोलर फीत ओढतोय पण पुढचं चाक ती गुंडाळून घेत नाही, कारण बेल्ट सैल झालाय किंवा चाकाला फिरवणारी रबरी कड गुळगुळीत झालीय. झाकण उघडं ठेवून, कॅसेट न घालता प्ले दाबा आणि उजवीकडचं फिरणारं दातेरी टोक बोटानं हलकेच अडवा. ते थांबलं तरी बोटाला सतत ओढ जाणवली पाहिजे. ओढ लगेच मरत असेल तर बेल्ट बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत बेल्ट शोधायला जाताना जुना बेल्ट सोबत न्या आणि नवा त्याच्यापेक्षा किंचित लहान घेराचा मागा, कारण जुना ताणून वाढलेला असतो. चौकोनी छेदाच्या जागी गोल बेल्ट गळ्यात मारला जातो, तो घेऊ नका. पुलीवर नीट बसत नाही आणि आवाज थरथरतो.